दाजींच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बारा : पेट्रोल नक्की जातंय कुठं?

दाजींचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "पावणं, गाडी काढून टाकायची म्हणतोय. लई पित्या. बाराच्या वर सरकंना झालीय." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीत, गोकुळ शिरगावात त्यांचं छोटं मशीन शॉप. गाडी २०१९ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, पासष्ट हजार किमी झालेली. कंपनीचा आकडा २१. मी काय मेकॅनिक नाही, शिरोलीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, पण घरात कुणाच्या गाडीचं काय बिघडलं की फोन मलाच येतो, त्यामुळं हे प्रकरण पण माझ्याच गळ्यात पडलं. पुढचे दोन-अडीच महिने जे केलं, मोजलं आणि जे सापडलं ते सगळं लिहितोय, कारण हाच प्रश्न मला महिन्यातनं एकदा तरी कोण ना कोण विचारतंच.

आधी हे सांगतो की माझ्याकडं यायच्या आधी दाजींनी काय काय करून ठेवलं होतं. प्लग नवीन. इंजेक्टर क्लीनिंग. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. टाकीत ओतायची एक बाटली, दोनदा. एअर फिल्टर. एका गॅरेजवाल्यानं तर 'सेन्सर बदलून बघू' म्हणून एक ऑक्सिजन सेन्सर पण बदलला, जुन्यात काय बिघाड होता विचारलं तर उत्तर नाही. मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले आणि अ‍ॅव्हरेज होतं तिथंच. एअर फिल्टरबद्दल तर सांगायलाच पाहिजे, हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाडीत फिल्टर घाण झाला की पिकअप मार खातो, पण अ‍ॅव्हरेजला फार फरक पडत नाही, कारण हवा जेवढी आत येते तेवढ्याच मापानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. कार्ब्युरेटरच्या काळातली गोष्ट वेगळी होती. ते ज्ञान अजून तसंच चालू आहे.

दाजींचे स्वतःचे संशय दोन. एक, पंपवाला माप मारतोय. दोन, पेट्रोलात मिसळतात ते इथेनॉल.

पंपाचं सोपं आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागानं तपासलेलं पाच लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर त्यात पेट्रोल सोडून दाखवावं लागतं. दाजींना घेऊन गेलो, मागितलं, तिथल्या पोराचं तोंड जरा वाकडं झालं पण त्यानं माप आणलं, आणि पेट्रोल बरोब्बर रेषेला आलं. दाजी हिरमुसले. चोर सापडला असता तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

इथेनॉलचं मात्र थोडं खरं आहे, म्हणून ते थट्टेवारी नेत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाचा २०२१ चा जो रोडमॅप आहे त्यात पण जुन्या पद्धतीच्या चारचाकीला सहा-सात टक्क्यांचा फटका धरलाय, आणि त्यासाठीच बनवलेल्या नव्या गाड्यांना एक-दोन टक्के. आता २१ चे सात टक्के म्हणजे दीड. म्हणजे इथेनॉलनं २१ चे साडेएकोणीस होतील, बारा कसे होतील? मी म्हटलं, "दाजी, तुमचाच ऊस कारखान्यात जाऊन तुमच्या टाकीत परत आलाय, त्याला कशाला शिव्या देताय." त्यांचा कागलकडं दीड एकर ऊस आहे. त्यावर ते काय बोलले ते इथं लिहिता येत नाही.

मग पहिलं काम, आकडा खरा आहे का ते बघायचं. कारण 'बारा' हे कुठनं आलं विचारलं तर कधी डॅशबोर्डवरनं, कधी 'पाचशेचं टाकलं आणि काटा इथनं इथं आला' असल्या हिशोबानं. काट्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, वरचा अर्धा भाग हळू उतरतो आणि खालचा भराभर. पद्धत एकच, टाकी फुल्ल करायची, ऑटो कट झाला की थांबायचं, वरनं 'साहेब राउंड फिगर करू का' याला नाही म्हणायचं, ट्रिप मीटर झिरो, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर त्याच नोजलला परत ऑटो कटपर्यंत. किमी भागिले लिटर. एका टाकीवर पण निष्कर्ष काढायचा नाही, अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक ऑटो कटमध्येच पडतो. आम्ही तीन टाक्या मोजल्या. ११.९, १२.३, १२.१. म्हणजे दाजी खोटं बोलत नव्हते. डॅशबोर्ड मात्र सगळा वेळ १३.४ दाखवत होता, तो बहुतेक गाड्यांत थोडा कौतुकच करतो.

आता गाडीत काय दोष आहे का. दहा-बारा किमी चालवून आणली, ब्रेक कमीत कमी वापरून, आणि उतरल्या उतरल्या चारी चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघितलं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. कुठलंच तापलं नव्हतं. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून सोडली तर गाडी छान घरंगळत जात होती. थर्मोस्टॅट ठीक, इंजिन वेळेत तापत होतं, कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड कुठला नाही. डिकी उघडली तर आत दहा-दहा किलोचे गुळाचे चार रवे. "पाव्हण्यांना द्यायला घेतलेत." कधी घेतलेत? "दिवाळीला." तेव्हा जानेवारी संपत आला होता. चाळीस किलोनं अ‍ॅव्हरेज बारा होत नाही, पण म्हटलं एक रवा इकडं द्या, तेवढंच वजन कमी.

एक गोष्ट मात्र सापडली. हवा. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या आत चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर ३३ लिहिलेलं. गाडीत होती २५, २६, २४ आणि २७. दाजींचं म्हणणं की हवा कमी ठेवली की खड्ड्यात गाडी मऊ चालते. मऊ चालते हे खरंय, पण टायर जास्त चेपतो, प्रत्येक फेऱ्याला रबर वाकतं-सरळ होतं आणि त्या मळण्यात पेट्रोल जातं, शिवाय टायरच्या दोन्ही कडा घासतात, त्या घासल्या होत्याच. ३३ केली, थंड टायरला, साधी हवा. नायट्रोजननं अ‍ॅव्हरेज वाढत नाही, त्याला पैसे देऊ नका. आणि मुद्दाम बाकी काहीही न बदलता दोन टाक्या मोजल्या. १२.६. फरक पडला, पण अर्ध्या किमीचाच. इथं बरेच जण गडबड करतात, हवा, ऑइल, पंप सगळं एकदम बदलतात आणि मग फरक कशानं पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट.

खरा सुगावा लागला तो ताईमुळं आणि तो पण चहा पिताना. मी वहीत आकडे लिहीत होतो, ती म्हणाली, "मी वाडीला घेऊन गेले होते तेव्हा त्यानं अठरा दाखवलेलं की." वाडी म्हणजे नृसिंहवाडी. दाजी म्हणाले, "हायवे होता म्हणून. आणि तू चालवतीस का ढकलतीस?" ती म्हणाली, "गावात पण माझ्या हातात कमी पिते. वर्षभर सांगतेय, ऐकतंय कोण." मी डॅशबोर्डची जुनी नोंद बघितली, ताईची गावातली ट्रिप, १५.८. तीच गाडी, तेच पेट्रोल, तीच २५ ची हवा. प्लग बदलायच्या आधीच हे विचारलं असतं तर नऊ हजार वाचले असते. विचारलं नाही कारण ताई 'घाबरत चालवते' हे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, मी पण त्यातच.

मग ओबीडीचा डोंगल लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारी डबी, फोनवर अ‍ॅप घेतलं, पंपावरच्या आकड्याशी ताळा जुळवून घेतला आणि सकाळी पावणेनऊला दाजींच्या शेजारी बसलो. रोजचा रस्ता, फुलेवाडीतनं रंकाळ्याच्या कडेनं गावात, मिरजकर तिकटी, उमा टॉकीज, राजारामपुरीत पोरीला क्लासला सोडायचं, तिथनं सायबर चौक, युनिव्हर्सिटी, आणि मग हायवे धरून गोकुळ शिरगाव. १५.१ किमी. मी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, फक्त वहीत रेघा मारायच्या, ब्रेक दाबला की एक रेघ.

दाजी वाईट ड्रायव्हर आहेत असं नाही. वीस वर्षांत एक साधा ओरखडा नाही. पण ते चारचाकी चालवतात मोटरसायकलसारखी. पुढं दोन गाड्यांत गॅप दिसला की घाल. सिग्नल लाल दिसतोय, पन्नास मीटरवर आहे, तरी तिथपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय, आणि शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक. स्पीडब्रेकर ते स्पीडब्रेकर शर्यत. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय तरी तिसरा टाकत नाहीत, कारण 'पुढं परत दुसराच टाकायचाय'. क्लासच्या दारात पोरगी उतरली, तिची बॅग, तिची बाटली, बाटली विसरली, परत आली, समोरनं ओळखीचा कोण आला, त्याच्याशी काच खाली करून साडेचार मिनिटं गप्पा, गाडी चालू, एसी चालू, काच उघडी. रेघा झाल्या ४६. एकूण उभं राहणं नऊ मिनिटं. वेळ ४१ मिनिटं. पेट्रोल १.२५ लिटर. अ‍ॅव्हरेज १२.१, म्हणजे हवा भरूनसुद्धा सकाळच्या फेरीला परत तेच.

दुपारी कॅन्टीनमध्ये बसून मी हिशोब मांडला, तो मांडतो, कारण सगळी गोम यातच आहे. गाडी आणि माणसं मिळून ११०० किलो धरा. ती ताशी ५० नं पळत असते तेव्हा तिच्या अंगात साधारण १०६ किलोज्यूल ऊर्जा असते. शाळेतलं सूत्र, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ही ऊर्जा पेट्रोलनंच भरलेली. हल्लीच्या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ३० मेगाज्यूल, त्यातलं गावात चाकापर्यंत पोचतं पाव, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सरमधनं उष्णता होऊन बाहेर. म्हणजे शून्यावरनं पन्नासला न्यायला साधारण १४ मिली पेट्रोल. औषधाच्या बाटलीचं झाकण भरून. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते १४ मिली डिस्कवर गरम होऊन उडालं, आणि परत पन्नासला जायला दुसरं झाकण ओतायचं. आता वर्गाची गंमत बघा, तीच गाडी ५० ऐवजी ३० नं जात असताना थांबवली तर जातं फक्त ५ मिली. वेग निम्म्यापेक्षा थोडा जास्त पण तोटा जवळजवळ एक तृतीयांश. म्हणजे स्पीडब्रेकरला पन्नासनं भिडून कचकन दाबणारा आणि आधीच पाय काढून तीसवर येऊन मग हळूच दाबणारा, दोघं तोच स्पीडब्रेकर ओलांडतात.

दाजींचे सगळे ब्रेक काय पन्नासवरनं शून्यावर नव्हते, काही चाळीसवरनं वीस, काही नुसते टेकवलेले. सरासरी ८ मिली धरली तर ४६ गुणिले ८, झाले ३७० च्या आसपास. एसी लावून उभी असलेली असली गाडी मिनिटाला साधारण १४ मिली पिते, म्हणजे नऊ मिनिटांचे सव्वाशे. दोन्ही मिळून पाचशेला पाच कमी. १२५० तनं ४९५ वजा करा, उरले ७५५ मिली. १५.१ किमीला ७५५ मिली म्हणजे अ‍ॅव्हरेज किती? वीस!

हा ढोबळ हिशोब आहे, काय प्रयोगशाळेतला नाही. आणि कंपनीचा २१ चा आकडा पण थांबत-निघतच काढलेला, पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या पॅटर्ननं, जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद, आणि वेग वाढवायचा तो इतका सावकाश की राजारामपुरीत तसा वाढवला तर मागनं हॉर्नचा ढोलताशा सुरू होईल. पण मुद्दा कळला असेल. गाडी पेट्रोल पीत नव्हती, दाजी ते ब्रेकवर ओतत होते. हॉर्न, शिव्या आणि कचकन ब्रेक, यातलं पहिलं दोन तेवढं फुकट आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच रस्ता मी चालवला, दाजी शेजारी. मी काय गोगलगायीसारखी चालवली नाही, ते पण चूक आहे, चौथ्यात तीसनं रखडत इंजिनला धाप लावायची आणि वर त्याला इकॉनॉमी म्हणायचं. निघताना नीट पाय दिला, दोन-अडीच हजार आरपीएमला वरचा गिअर, आणि नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर न ठेवता त्याच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर. पुढं लाल दिसला की पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची, आपोआप हळू होते. बऱ्याचदा पोचेपर्यंत हिरवा होतोच. क्लासच्या दारात गाडी बंद. दाजींना लई त्रास झाला, उमा टॉकीजपाशी एक रिक्षावाला आडवा घुसला तर म्हणाले, "गेला की रे पुढं, सोडलंस कशाला?" तोच रिक्षावाला पुढच्या चौकात आमच्या शेजारीच उभा होता. ब्रेकच्या रेघा १९. पेट्रोल ०.९४ लिटर, अ‍ॅव्हरेज १६.१. वेळ ४३ मिनिटं. दोन मिनिटं जास्त लागली.

न्यूट्रलचं पण इथंच सांगतो, कारण दाजींचा आणि आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा समज आहे की उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं. पन्हाळ्याहून वाघबिळाकडं उतरताना दोन्ही करून दाखवलं. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर अ‍ॅपवर पेट्रोलचा आकडा सरळ शून्य, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. न्यूट्रल केली की इंजिनला स्वतः चालू राहायला पेट्रोल लागतं, आकडा लगेच वर. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार चाकाच्या ब्रेकवर, आणि गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटात ते ब्रेक तापून ढिले पडले तर अ‍ॅव्हरेजचा प्रश्नच मिटला. हे बघून मात्र दाजी गप्प झाले. इतकी वर्षं न्यूट्रल करत आले होते.

आणखी एक भोक होतं, ते मला डोंगलच्या नोंदीत दिसलं. रोज संध्याकाळी साडेसहाला एक ट्रिप, तीन किमी जाणं, तीन किमी येणं, अ‍ॅव्हरेज जाताना ८.४. ताईला विचारलं तर हसायला लागली. दाजी गंगावेशला कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात. गाडीनं. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर जरा जास्तच पेट्रोल सोडतो, ऑइल घट्ट असतं, आणि ते तापून ताळ्यावर येईपर्यंत गंगावेश आलेलं असतं. गाडी दुकानाच्या दारात गार, परत तेच. महिनाभरात या दुधाच्या ट्रिपा १८० किमी होतात, म्हणजे एकूण हजारातला पाचवा-सहावा हिस्सा सगळ्यात वाईट अ‍ॅव्हरेजवर. टाकी-टू-टाकी आकडा खाली ओढायला एवढं पुरेसं आहे.

हायवेचं थोडक्यात. अधनंमधनं पुणे असतं. दाजी रिकामा पट्टा मिळाला की १२०. हवेचा अडथळा पण वेगाच्या वर्गानंच वाढतो, ८५ च्या तुलनेत १२० ला जवळजवळ दुप्पट. एकदा १२० च्या नादात १५ पडलं, पुढच्या वेळी ८५-९० ला धरून १९.८. मधल्या रस्त्याच्या कामांमुळं आणि डायव्हर्शनमुळं पोचायच्या वेळेत फरक पडला तो पंचवीस मिनिटांचा, त्यातली पंधरा तर दाजी एरवी कराडला चहाला घालवतात.

यानंतर दाजींना मी चार नियम वगैरे लिहून दिले नाहीत, दिले असते तर त्यांनी पाळले नसते. एकच सांगितलं, रेघा मोजा. संध्याकाळी पोरीनं विचारायचं, बाबा आज किती? पहिल्या आठवड्यात ४१, ३८, ४०. मग ३०. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस २२ आला तेव्हा त्यांनी मला शॉपमधनं फोन केला. टाकी-टू-टाकी गेल्या तीन वेळा १५.१, १५.४, १५.६. महिन्याला हजार किमीच्या हिशोबानं अठरा लिटर कमी, लिटर शंभराच्या वर आहे म्हणजे अठराशे-एकोणीसशे रुपये. पावसाळ्यात हे थोडं खाली येईल, ओला रस्ता, वायपर, काचेवर वाफ म्हणून एसी, आणि परीख पुलाखाली पाणी साठलं की सगळं गाव एकाच रस्त्यावर. आणि २१ कधीच येणार नाही, ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

गाडी विकायचा विषय बंद झालाय. ताईला अजून कोणी 'तुझं बरोबर होतं' असं म्हटलेलं नाही, मी म्हटलं तर म्हणाली, "तू नको, त्यांनी म्हणू दे." गंगावेशला दाजी आता चालत जातो म्हणून सांगतात. गेल्या आठवड्यात दोनदा चालत गेले, बाकीचे पाच दिवस बुलेटवर.